पोटातला अल्सर: बरा होतो, मग परत का येतो?

मागच्या महिन्यात आपण पित्ताबद्दल बोललो. त्यानंतर केंद्रावर जे फोन आले, त्यातल्या कितीतरी जणींचं सांगणं एकच होतं. डॉक्टरांनी अल्सर सांगितला, गोळ्या खाल्ल्या, बरं वाटलं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच. कुणाचा हा दुसरा फेरा, कुणाचा तिसरा. आणि बोलता बोलता शेवटी हेही यायचंच, की घरचे म्हणतात, तू तिखट खातेस, उपवास करतेस, डोक्याला फार लावून घेतेस, म्हणून तुला होतं. म्हणजे दुखणं बाईचं आणि दोषही बाईचाच. म्हणून आजचं सगळं बोलणं अल्सरवर ठेवलं आहे.

सुरुवातीलाच सांगून टाकतो. अल्सर पूर्ण बरा होऊ शकतो, आणि बहुतेकांचा होतो. पण पोटातली आग थांबणं वेगळं आणि अल्सरचं कारण जाणं वेगळं. आग चार-सहा दिवसांत थांबते. कारण जायला आणखी वेळ लागतो आणि ते आपोआप जात नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणी आग थांबली की औषध थांबवतात. परत येणाऱ्या अल्सरमागे फार वेळा एवढंच असतं.

अल्सर म्हणजे जखम, व्रण. आपल्या जठरात, म्हणजे पोटाच्या पिशवीत, अन्न पचवण्यासाठी ॲसिड तयार होतं. संडास धुवायला आपण जे आणतो, त्याच जातीचं हे ॲसिड, अर्थात बरंच सौम्य. मग पिशवी स्वतःच का जळत नाही? कारण तिला आतून बुळबुळीत थर असतो. मातीच्या भिंतीला गिलावा असावा तसा. हा गिलावा कुठे विरला, की ॲसिड थेट भिंतीला लागतं आणि तिथे जखम होते. ही जखम जठरात होते, नाहीतर जठराच्या पुढे लहान आतडं जिथे सुरू होतं तिथे होते.

दुखणं कुठे असतं? बेंबीच्या वर, दोन्हीकडच्या बरगड्या जिथे मिळतात त्याच्या खाली. जळतं, कुरतडल्यासारखं होतं. आतड्याच्या सुरुवातीला अल्सर असेल तर भूक लागली की दुखतं आणि दोन घास खाल्ले की थांबतं. रात्री एक-दोन वाजता उठून डब्यातलं बिस्किट खाणारी बाई तुमच्या घरात असेल, तर तिला हे विचारून बघा. जठरातल्या अल्सरचं पुष्कळदा उलट असतं, खाल्लं की दुखतं. त्यामुळे बाई जेवण कमी करत जाते आणि घरच्यांना वाटतं तिला अन्नच नको झालंय. पण हा काही पक्का नियम नाही. आणि काही जणांना, विशेषतः वय झालेल्या आणि अंगदुखीच्या गोळ्या घेणाऱ्या माणसांना, अजिबात दुखत नाही. त्यांचा अल्सर कळतो तो थेट रक्त पडल्यावर.

आंबट पाणी घशाशी येणं, करपट ढेकर, छातीत जळणं हा बहुधा वेगळा त्रास असतो. त्याला अल्सर म्हणू नका. दुर्बिणीनं बघितल्याशिवाय खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही. आणखी एक. चालताना किंवा काम करताना छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दाटून आलं, घाम फुटला, दम लागला, जबडा किंवा हात भरून आला, तर पित्ताची गोळी शोधत बसू नका. तो हृदयाचा त्रास असू शकतो. आधी हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून घ्यायचा.

आता कारणं. तिखट, काळजी, उपवास ही कारणं घरच्यांनी शोधून काढलेली नाहीत. जगभरचे डॉक्टरसुद्धा कित्येक वर्षं हेच सांगत होते. अल्सरच्या माणसाला दूध-भात, बेचव जेवण आणि आराम सांगायचे. नाहीच थांबलं तर ऑपरेशन करून जठराचा भाग काढून टाकायचे. मग ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातल्या दोन डॉक्टरांनी हे चित्र बदललं. रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये जठराच्या तुकड्यांवर सूक्ष्मदर्शकाखाली वळणदार जंतू दिसले. ॲसिडमध्ये जंतू जगूच शकत नाहीत असं तेव्हा सगळे मानत होते. बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरनं वॉरन यांच्याबरोबर काम सुरू केलं. जंतू प्रयोगशाळेत वाढवायचे प्रयत्न करून ते थकले, काही उगवेना. अशा काचेच्या बशा दोन दिवसांत फेकून द्यायची तिथली पद्धत होती. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे काही बशा तशाच राहून गेल्या, आणि सुट्टीनंतर बघतात तर जंतू वाढलेला. त्याला फक्त जास्त दिवस हवे होते.

तरी लोक मानेनात. तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू घातलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांत उलट्या, तोंडाला घाण वास, आणि दुर्बिणीनं पाहिलं तर जठराला सूज आणि तिथे तोच जंतू. या दोघांना २००५ साली नोबेल पुरस्कार मिळाला. (असं स्वतःवर करून बघायला कुणालाही सांगणार नाही, पण माणसाचा हट्ट मात्र मानला पाहिजे.)

या जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. डॉक्टर एच. पायलोरी म्हणतात. तो आपल्याभोवती अमोनिया तयार करतो, त्यानं जवळचं ॲसिड मारलं जातं, आणि हा त्या बुळबुळीत थरात शिरून आरामात राहतो. वर्षानुवर्षं. थर पातळ होतो, सूज राहते, आणि काही जणांना तिथे अल्सर होतो. काही जणांनाच. आपल्या देशात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात हा जंतू असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. पण ज्यांना अल्सर झाला, त्यांच्या पोटातून तो काढलाच पाहिजे. तो राहिला तर अल्सर परत येतो. नुसती पित्ताची गोळी देऊन अल्सर भरून आणायचे, त्या काळात वर्षभरात निम्म्याहून जास्त लोकांचा अल्सर परत यायचा. जंतू घालवल्यावर हे प्रमाण अगदी थोडं उरलं. शिवाय काही थोड्या लोकांमध्ये हा जंतू पुढे जठराच्या कॅन्सरलाही कारण होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९९४ सालीच त्याला कॅन्सर करणाऱ्यांच्या यादीत घातलं आहे.

हा जंतू लागतो बहुतेक लहानपणी, आणि घरातूनच. उलटी, लाळ, शौचाहून आल्यावर न धुतलेले हात, दूषित पाणी यातून. मोठ्या वयात नव्यानं लागायचं प्रमाण कमी असतं. आपल्याकडे बाळाला घास स्वतः चावून मऊ करून भरवायची रीत आहे. आज्यांना राग येईल, पण ती सोडलेली बरी. घास हातानं किंवा चमच्यानं कुस्करा, तोही तितकाच मऊ होतो. तुम्हाला अल्सर निघाला म्हणून घरातल्या सगळ्यांची तपासणी करायलाच हवी असं नाही. ज्याला तसाच त्रास आहे, किंवा ज्याच्या आई-वडिलांना, भावंडांना जठराचा कॅन्सर झाला होता, त्यानं मात्र डॉक्टरांना विचारावं.

आता दुसरं मोठं कारण, आणि आम्हाला वाटतं आपल्या भागातल्या बायकांसाठी हेच जास्त महत्त्वाचं आहे. अंगदुखीच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, निमेसुलाइड, ॲस्पिरिन, ही सगळी एकाच घरातली भावंडं. दुखणं ज्या पदार्थांमुळे होतं ते पदार्थ शरीरात तयार होऊ द्यायचे नाहीत, हे त्यांचं काम. अडचण अशी, की त्याच जातीचे पदार्थ जठराचा गिलावाही टिकवून धरतात. गोळी दुखणं थांबवते आणि त्याच वेळी गिलावाही उतरवते. म्हणून ती जेवणानंतर घेतली की झालं, असं नाही. जेवल्यावर घेतल्यानं मळमळ कमी होईल, अल्सरचा धोका तेवढ्यानं जात नाही. आणि इंजेक्शन घेतलं तर पोटाला काही होत नाही, हीसुद्धा चुकीची समजूत. औषध रक्तातून जठरापर्यंत पोचतंच.

तिखटाचं काय, तेही सांगतो. १९८८ मध्ये अमेरिकेत १२ निरोगी माणसांवर एक साधा प्रयोग झाला. त्यांना एकदा बेचव जेवण दिलं, एकदा त्याबरोबर ॲस्पिरिन दिली, एकदा भरपूर मिरचीचं जेवण दिलं, आणि प्रत्येक वेळी दुर्बीण घालून जठर पाहिलं. ॲस्पिरिननंतर जवळजवळ सगळ्यांच्या जठराला ओरखडे उठले होते. मिरचीनं तसं काही झालं नाही. तेव्हा ठेच्यावर ठपका ठेवणाऱ्या घरात आधी गोळ्यांचा डबा उघडून बघायला हवा.

तो डबा आम्हाला चांगला ठाऊक आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका हंगामभर रोज एक गोळी घेतात, कारण नाही घेतली तर दुसऱ्या दिवशी मोळी उचलत नाही. भात लावणारीची कंबर, शिवणकाम करणारीची मान, सासूबाईंचे गुडघे. दुखणं खरं असतं, आणि कामाला सुट्टी नसते. मेडिकलमध्ये जाऊन "दादा, ती पिवळी गोळी द्या" म्हटलं की मिळते. त्याहून वाईट म्हणजे नाव नसलेल्या पुडीतल्या गोळ्या. पुडीनं एका रात्रीत गुडघे मोकळे झाले असं कुणी सांगितलं, तर समजा की त्यात अंगदुखीच्या गोळीबरोबर स्टेरॉइड असण्याचा संभव आहे. ही दोन्ही औषधं एकत्र आली की अल्सरचा आणि रक्त पडण्याचा धोका खूपच वाढतो. ज्या गोळीचं नाव वाचता येत नाही ती गिळू नका.

नाव वाचायचं म्हणजे पाकिटावरचं मोठं नाव नाही. त्याखाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं, ते. बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घातलेलं असतं, आणि आपण म्हणतो, मी तर फक्त तापाची गोळी घेते. घरात शाळेत जाणारी लेक असेल तर तिच्याकडून वाचून घ्या. अर्ध्या वेळा असं निघतं, की बाई दोन वेगळ्या नावांनी एकच औषध दोनदा घेते आहे.

पाळीच्या दोन दिवसांत एखादी गोळी घेणाऱ्या तरुण मुलीनं हे ऐकून घाबरायचं कारण नाही. धोका वाढतो तो रोज घेणाऱ्यांना, साठीच्या पुढच्यांना, आधी अल्सर होऊन गेलेल्यांना, आणि बरोबर ॲस्पिरिन, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्यांना.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय होतं? नळी घालून दुर्बिणीची तपासणी, ही सगळ्यात पक्की. घशाला बधिर करणारा फवारा मारतात, पाच-दहा मिनिटांचं काम असतं, नकोसं वाटतं पण दुखत नाही. त्याच वेळी जठराचा बारीक तुकडा घेऊन जंतू आहे का तेही बघतात. पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे पहिल्यांदाच असा त्रास सुरू झाला असेल, वजन उतरत असेल, घास अडकत असेल, सारख्या उलट्या होत असतील, रक्त कमी झालं असेल, तर ही तपासणी टाळू नका. बाकीच्यांना जंतूसाठी शौचाची तपासणी किंवा फुग्यात श्वास फुंकायची तपासणी चालते. फुंकायची तपासणी बहुधा मोठ्या शहरातच असते. रक्ताचीही एक तपासणी आहे, पण जंतू मेल्यानंतरही ती बराच काळ जंतू असल्याचंच दाखवते. त्यामुळे उपचारानंतर ती उपयोगाची नाही.

जंतू सापडला तर साधारण १४ दिवसांचा कोर्स असतो. ॲसिड कमी करणारी गोळी, म्हणजे पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल यांपैकी एक, आणि तिच्याबरोबर दोन किंवा जास्त जंतुनाशकं. कधी बिस्मथ नावाचं औषधही. ॲसिडची गोळी सकाळी आणि रात्री जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची. ही वेळ उगाच सांगितलेली नसते. आपण खायला लागलो की जठरातले ॲसिडचे पंप चालू होतात आणि ही गोळी चालू झालेला पंपच बंद करते. जेवून दोन तासांनी आठवण झाली म्हणून घेतली तर निम्मा फायदा गेला. जंतुनाशकं बहुतेक जेवणानंतर.

खरं सांगायचं तर हे १४ दिवस सोपे नसतात. दिवसाला आठ-दहा गोळ्या होतात. तोंड कडू पडतं, लोखंड चाटल्यासारखी चव येते, मळमळतं, शौचाला पातळ होतं. बिस्मथ असेल तर जीभ आणि शौच काळं होतं, आणि बाई घाबरून औषध बंद करते. हा काळेपणा औषधाचा असतो, कोर्स संपला की जातो. हे आधीच माहीत असेल तर माणूस तग धरतो, म्हणून इतकं सविस्तर सांगतोय. मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल चालू असताना दारू अजिबात चालत नाही. टेट्रासायक्लीन असेल तर त्याबरोबर दूध, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी नको, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. पेनिसिलिन सोसत नसेल, गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, तर औषध लिहून घेण्याआधी सांगा.

पाचव्या-सहाव्या दिवशी पोट एकदम शांत होतं. नेमकं तिथेच गाडं अडतं. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी फडताळात जातात, किंवा जाऊबाईंना दिल्या जातात, कारण त्यांच्याही पोटात जळतं. पोट शांत झालं ते ॲसिडच्या गोळीमुळे. जंतू अजून आहे, आणि अर्धवट मार खाऊन जे जंतू उरले ते औषधाला सरावलेले. पुढच्या वेळी तीच औषधं चालत नाहीत. आपल्या देशात तर मेट्रोनिडाझोलला हा जंतू बराच सरावलेला आहे, कारण जुलाब लागले की आपण तीच गोळी मेडिकलमधून दोन-चार आणून खातो. म्हणून पूर्वी कधी अल्सरचा कोर्स घेतला असेल तर तो जुना कागद डॉक्टरांना दाखवा. त्यावरून ते वेगळी औषधं निवडतात.

श्रावण किंवा नवरात्र जवळ असेल तर कोर्स सुरू करतानाच सांगा. उपवासानं अल्सर होत नाही. पण या पंधरा दिवसांत दोन वेळचं जेवण आणि दोन वेळच्या गोळ्या यांची सांगड हवी. देव पंधरा दिवस थांबतो, असं आमच्या केंद्रावरच्या एका ज्येष्ठ ताई म्हणतात, आणि त्यांचे स्वतःचे सगळे उपवास कडक असतात.

यानंतरची पायरी सगळ्यात जास्त चुकते. कोर्स संपल्यावर जंतू खरंच गेला का, हे तपासायचं असतं. कोर्स संपून किमान चार आठवडे झाल्यावर शौचाची किंवा श्वासाची तपासणी करायची. त्याआधी दोन आठवडे ॲसिडची गोळी बंद ठेवायची, नाहीतर जंतू असूनही तपासणीत दिसत नाही. ही गोळी कधी थांबवायची हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, कारण काही जणांना अल्सर भरून येण्यासाठी ती महिना-दीड महिना पुढेही चालू ठेवावी लागते. मधल्या दोन आठवड्यांत जळजळ झाली तर साधं पातळ अँटासिड चालतं का, तेही विचारून ठेवा. तपासणीत जंतू निघाला तर वेगळ्या औषधांचा दुसरा कोर्स असतो, आणि तो बहुधा लागू पडतो. जठरात अल्सर असणाऱ्यांना डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीनं बघायला बोलावतात. पैसे काढायला बोलावतात असं समजून ते टाळू नका. जठरातला एखादा कॅन्सर वरून अल्सरसारखाच दिसतो, आणि जखम भरली की नाही यावरूनच तो ओळखू येतो.

अल्सर गोळ्यांमुळे झाला असेल तर त्या गोळ्या बंद करणं हाच निम्मा उपचार. मग दुखण्याला काय घ्यायचं, हा पुढचा प्रश्न. साधी पॅरासिटामॉल पोटाला त्यामानानं सुरक्षित. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये चार ते सहा तासांचं अंतर, आणि दिवसाला किती ते डॉक्टर सांगतील तेवढंच, कारण जास्त झाली तर यकृत बिघडतं. वरून लावायचं मलम रक्तात फार थोडं जातं. शेक, आणि गुडघ्यांसाठी मांडीचे स्नायू घट्ट करायचे व्यायाम, हे हळू लागू पडतं पण पडतं. सांधेवातासारख्या आजारात गोळी लागतेच असं डॉक्टरांनी ठरवलं, तर ते पोट सांभाळणारी दुसरी गोळी जोडून देतात. तेव्हा "पोटाची गोळी महाग पडते, ती राहू दे" असं करायचं नाही. सरकारी दवाखान्यात किंवा जन औषधी दुकानात ती स्वस्तात मिळते.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. हृदयासाठी किंवा लकव्यानंतर डॉक्टरांनी रोजची लहान ॲस्पिरिन दिली असेल, तर आजचं हे बोलणं ऐकून ती स्वतःहून बंद करायची नाही. ती बंद केल्यानं हृदयाला धोका होऊ शकतो. अल्सर होऊन गेलाय एवढं डॉक्टरांना सांगा, पुढचं ते बघतील.

बिडी-सिगारेटनं अल्सर भरायला वेळ लागतो आणि तो परत येतो, हे पक्कं आहे. मिशरी लावणाऱ्यांनीही डॉक्टरांपासून ते लपवू नका, आणि सुटत असेल तर सोडाच. जेवणाबद्दल आमचं सांगणं एवढंच, की जे खाल्ल्यावर त्रास होतो ते जखम भरेपर्यंत टाळा. कुणाला ठेचा सोसतो, कुणाला चहा सोसत नाही. भाकरी, वरण, भाजी, ताक, सगळं चालतं. थंड दुधानं घटकाभर गार वाटतं, पण दुधामुळेच थोड्या वेळानं ॲसिड पुन्हा वाढतं. म्हणून दूध प्या ते दूध म्हणून, औषध म्हणून नको. खाण्याच्या सोड्यानं आणि फसफसणाऱ्या पुड्यांनी अल्सर भरत नाही, आणि रक्तदाब असेल तर त्यातलं सोडियम वाईटच.

काही जणींचं उलट झालेलं असतं. जंतू गेला, अल्सर भरला, तरी रोज सकाळी पँटोप्राझोल चालूच, चार-चार वर्षं. ती कारणाशिवाय इतकी घेऊ नये, त्यानं बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. पण खूप दिवसांची गोळी एकदम थांबवली तर काही आठवडे ॲसिड उसळून येतं आणि वाटतं अल्सर परत आला. म्हणून डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

आता रक्ताचं. शौच डांबरासारखं काळं, चिकट आणि विचित्र घाण वासाचं झालं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडलं, उभं राहिल्यावर अंधारी आली, तर सकाळची वाट बघायची नाही. पोटात सुरी खुपसल्यासारखी एकदम कळ आली आणि पोट लाकडासारखं कडक झालं, तर अल्सर फुटून भोक पडल्याची शक्यता असते, ऑपरेशन काही तासांत व्हावं लागतं. दोन्ही वेळी १०८ ला फोन करा, माणसाला आडवं करा, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा, तोंडानं काही देऊ नका. पाणीसुद्धा नाही, आणि दुखतंय म्हणून गोळी तर नाहीच.

यावर बऱ्याच जणी विचारतात, लोहाच्या गोळीनंही शौच काळं होतं, मग ओळखायचं कसं? लोहाच्या गोळीचं शौच हिरवट-काळं असतं, बांधलेलं असतं, आणि वास नेहमीचाच. अल्सरच्या रक्ताचं चकचकीत, चिकट, पाण्यानं सहज न निघणारं. शंका आली तर आशाताईंना विचारत बसण्यापेक्षा थेट दवाखाना गाठा. आणि कधीकधी रक्त इतकं थेंब थेंब जातं, की शौचाचा रंगही बदलत नाही, नुसता थकवा येतो. बाईचं रक्त कमी निघालं की सगळे पाळीवर ढकलतात आणि लोहाच्या गोळ्या देतात. पाळी जाऊन वर्षं झाली आणि तरी हिमोग्लोबिन उतरत असेल, किंवा गोळ्या खाऊनही ते वर चढत नसेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, माझ्या पोटातून रक्त जात नाही ना. आणि त्याच वेळी अंगदुखीच्या गोळ्यांचं पाकीट पिशवीतून काढून त्यांच्या टेबलावर ठेवा.